मावशीने जपलेली आनंदी

आपल्याकडे कुलवृत्तान्त काढण्याची हौस मोठी आहे. कोकणातल्या कितीतरी आडनावांचे जाडजूड ग्रंथ निघाले, त्यांच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. मूळ पुरुष कोण, गोत्र कोणते, कुलदैवत कुठले, कोण घाट चढून देशावर आला, कोणाला कुठे इनाम मिळाले, असा सगळा पसारा त्यांत असतो. ज्यांच्या घराण्याला छापील ग्रंथ लाभला नाही, ते त्र्यंबकेश्वराला नाहीतर काशी-गयेला उपाध्यांच्या वह्या उलगडून बसतात आणि पणजोबांच्या हातची सही सापडली की हरखून जातात. हे सारे चांगलेच आहे. पण या तक्त्यांत एकदा बायका शोधून पाहाव्यात. लेक लग्न होऊन गेली की माहेरच्या तक्त्यात तिच्या नावापुढे रेघ संपते. सासरच्या तक्त्यात ती शिरते ती दुसऱ्याच नावाने, आणि तेही कंसात. मूल झाले तर तिच्या नावाखाली एखादी फांदी फुटते. न झाले, तर तेवढा कंस हीच तिची सगळी नोंद.

ही रीत लावली, तर मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला जिचे नाव ठाऊक आहे अशा एका बाईच्या वाट्याला किती जागा आली असती? माहेर कल्याणचे जोशी. सासर संगमनेरचे जोशी. विवाह नवव्या वर्षी. एक मुलगा, तो दहा दिवसांत वारला. मृत्यू बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, पुण्यास. वंशविस्तार नाही. दोन ओळींत काम आटोपले असते.

ही बाई म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. आणि तरीही आज आपल्याला तिची डोकेदुखी ठाऊक आहे, तिच्या खोलीतला धूर ठाऊक आहे, थंडीसाठी तिने लुगडे नेसण्याची पद्धत कशी बदलली हे ठाऊक आहे, नवऱ्याने तिला कशाकशाने मारले हेही ठाऊक आहे. एका अल्पायुषी, निपुत्रिक बाईबद्दल एवढे कळते याचे मोठे कारण म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाच्या गावी राहणारे एक कुटुंब. त्या कुटुंबाचा आणि जोशांचा ना गोत्राचा संबंध, ना धर्माचा. पण आनंदीबाईंची पत्रे त्या घराने जपली, त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या लेखिकेपर्यंत पोचवली, आणि शेवटी त्यांची रक्षा आपल्या माणसांच्या शेजारी पुरली. वारसाने पूर्वजासाठी जे करायचे असते, ते सगळे त्यांनी केले.

आधी आपल्याकडचे धागे पाहू. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी, आई गंगाबाई. घरी जमीनजुमला होता, पण ऐश्वर्य उतरणीला लागलेले. यमू नऊ वर्षांची झाली तेव्हा तिचे लग्न गोपाळ विनायक जोशी या पोस्टातल्या कारकुनाशी लागले. गोपाळराव बिजवर, वयाने तिच्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठे, आणि स्वभावाने विक्षिप्त. मुलीला शिकवू द्यायचे, ही त्यांची लग्नाची अट होती. त्या काळी वर हुंडा मागत, मान मागत. हा गृहस्थ धुळपाटी मागत होता. लग्नात यमूची आनंदी झाली.

पुढच्या नऊ वर्षांतला आनंदीबाईंचा माग काढायचा, तर त्याला एकच खात्रीचा कागद आहे. तो म्हणजे गोपाळरावांच्या बदल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर (हे बंगालमधले, आपले नगरचे नव्हे). पोस्टखात्याने नवऱ्याला जिकडे धाडले तिकडे ही मुलगी वह्यापुस्तकांसह गेली. बायकोला शिकवतो म्हणून लोक हसत, बायको पायांत बूट घालून रस्त्याने शाळेत जाते म्हणून शिव्या देत, आणि गोपाळराव पुन्हा बदली मागत. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. दहा दिवस जगला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही खूणगाठ त्या मुलीने मनाशी बांधली. पुरुष डॉक्टरपुढे जायला लाजणाऱ्या बायका दुखणी अंगावर काढतात आणि मरतात, हे तिने आजूबाजूला पाहिलेच होते. पुढे अमेरिकेला जाण्याचे कारण देताना तिने हेच पुन्हा पुन्हा मांडले.

कोल्हापूरला असताना, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, मला तिकडे काही नोकरी मिळेल का, असा साधा सवाल होता. वाइल्डरसाहेबांनी उत्तरात ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि दोन्ही पत्रे आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकात छापून टाकली. गोपाळरावांना धर्म बदलायचा नव्हता. प्रकरण तिथेच मिटायचे. पण १८८० मध्ये त्या मासिकाचा एक अंक एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पडला होता आणि आपला नंबर येण्याची वाट पाहणाऱ्या एका बाईंनी तो चाळला. दाढदुखीने मराठी माणसावर केलेले एवढे मोठे उपकार दुसरे नसतील.

या बाई म्हणजे थिओडिशिया कार्पेंटर. मुलाबाळांत रमलेली मध्यमवर्गीय गृहिणी. ना संस्था, ना चळवळ, ना हाती पैसा. एका परक्या देशातल्या मुलीला शिकायचे आहे, तिला कोणीतरी उत्तर द्यायला हवे, एवढ्यावर त्यांनी लेखणी उचलली. पत्र गेले, उत्तर आले, आणि पुढची तीन वर्षे टपाल चालू राहिले.

ही पत्रे हाच आनंदीबाईंच्या आयुष्याचा खरा दफ्तरखाना. पंधरा-सोळा वर्षांची, इंग्रजी नुकते शिकलेली मुलगी सातासमुद्रापलीकडच्या बाईला आपले सण-वार, व्रते, लग्नाच्या चाली समजावून सांगते. त्यांच्याकडच्या रीतींबद्दल विचारते. बालविवाहाबद्दल वाद घालते, आणि बाहेरच्याने आपल्या धर्माला नावे ठेवली तर ठामपणे उलट बोलते. एखाद्या पत्रात ती मोठ्या बाईसारखी लिहिते, तर पुढच्याच पत्रात अगदी लेकरासारखी. या बाईंना तिने नाव दिले ‘मावशी’. माय मरो पण मावशी जगो असे आपण म्हणतो. आनंदीबाईंची माय जिवंत होती, पण तिच्याशी त्यांचे फारसे कधी जुळले नाही. गंगाबाईंच्या हातचा मार त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. माहेरात जे सापडले नाही, ते बहुधा या नात्यात त्या शोधत असाव्यात.

या पत्रांत एक गोष्ट सुरुवातीपासून दिसते, आणि ती पाठ्यपुस्तकातल्या धड्यात सहसा येत नाही. ही मुलगी आजारी होती. डोके दुखणे, बारीक ताप, अशक्तपणा, मधूनच श्वास लागणे, हे सारे कलकत्त्यात असतानाच सुरू झाले होते. मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली. गुण आला नाही. म्हणजे अमेरिकेच्या थंडीने त्यांचा बळी घेतला असे जे सरसकट म्हटले जाते, ते अर्धेच खरे. दुखणे त्या इथूनच घेऊन गेल्या होत्या. तिथल्या थंडीने आणि उपासमारीने ते बळावले.

गोपाळरावांची नोकरी सुटेना आणि दोघांच्या प्रवासाचे पैसे जमेनात, तेव्हा बायकोने एकटीने जावे असे ठरले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. आपण का जातो, एकटी का जातो, परत आल्यावर वाळीत टाकले तर काय करू, अशा एकेका प्रश्नाला घेऊन त्यांनी उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा त्या भाषणाचा गाभा. वय वर्षे अठरासुद्धा पुरी नव्हती. ७ एप्रिलला ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने त्या निघाल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या आणि धर्मांतराचा आग्रह बोटीवरही चालूच राहिला. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा घ्यायला कार्पेंटर मावशी आल्या होत्या. तीन वर्षे कागदावर असलेली माणसे समोरासमोर आली.

तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलला काढला. मावशीच्या मुली त्यांच्याभोवती रुंजी घालू लागल्या. त्यांतल्या एकीचे नाव होते एमी. हे खरे तर मावशीचे माहेरचे आडनाव. ते पुसले जाऊ नये म्हणून त्यांनी ते लेकीला दिले होते. आपल्या कंसातल्या नोंदी आठवल्या की हे नाव फार वेगळे वाटते. आनंदीबाई घरकामाला हात लावत, आपले शाकाहारी जेवण स्वतः रांधत.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या कागदांत त्यांचा पुढचा माग लागतो. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले वय अठरा असल्याचे सांगितले, पूर्वशिक्षणात काही उणे असेल ते कबूल केले, आणि आपल्या देशातल्या ज्या बायका पुरुष डॉक्टरचा हात लागू देण्यापेक्षा मरण पत्करतात त्यांच्यासाठी मी आले आहे, अशी बाजू मांडली. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी प्रवेश दिला. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. पुढे ही संस्था ड्रेक्सेल विद्यापीठात विलीन झाली, पण आनंदीबाईंची काही पत्रे आणि छायाचित्रे तिथल्या संग्रहात आजही नीट ठेवलेली आहेत. त्यातले १८८५ च्या ऑक्टोबरमधले एक छायाचित्र आता जगभर ओळखीचे झाले आहे. तीन विद्यार्थिनी, तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचे कपडे: जपानची केइको ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई.

छायाचित्र पाहून अभिमान वाटतो, पण पत्रे वाचली की त्यामागची खोली दिसू लागते. राहायला मिळालेल्या जागेतली शेगडी नीट पेटत नसे. धूर तरी सोसायचा, नाहीतर थंडी. मांसाहार वर्ज्य, त्यामुळे पोटात जे जाई ते बेताचेच. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि त्या थंडीत ते शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. परक्या मुलखात राहून धर्म राखायचा म्हणजे रोज असल्या बारीकसारीक गोष्टींचा निकाल लावायचा. त्यांनी मांसाला हात लावला नाही, कुंकू पुसले नाही, आणि पाय झाकून घेतले. यात काय चुकले?

आता त्या मारहाणीविषयी. हे लिहिताना हात अडखळतो, कारण गोपाळराव नसते तर आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी जुना हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलेत, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या आणि पुस्तके फेकलीत, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी दिलीत, अशी वर्षवार नोंद. हे सारे बरोबर की चूक, हा प्रश्न त्या नवऱ्यालाच विचारतात. तेव्हा सोडून गेले असते तर काय झाले असते, हेही विचारतात. हिंदू बायकोला नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्क नसतो, गप्प राहण्याचा तेवढा असतो, हा त्यांचा टोला तर आजही बोचतो. आणि त्याच पत्रव्यवहारात आपल्या शिक्षणाचे सगळे श्रेयही त्या गोपाळरावांनाच देतात. ज्यांना गोपाळराव निव्वळ थोर समाजसुधारक हवेत त्यांना पहिला भाग गिळवत नाही, आणि ज्यांना ते निव्वळ खलपुरुष हवेत त्यांना दुसरा. आनंदीबाईंनी मात्र दोन्ही गोष्टी एकाच शाईने लिहून ठेवल्या. माझ्या मते, त्यांच्याविषयीचा सर्वांत मोलाचा कागद पदवीचा नाही, हा आहे.

हा मराठी पत्रव्यवहार आपल्यापर्यंत आला तो काशीबाई कानिटकरांमुळे. एका बाईने दुसऱ्या बाईचे मराठीत सविस्तर चरित्र लिहावे, हे त्या काळी नवलच होते. काशीबाईंनी ही पत्रे वापरली आणि संसाराची ही बाजू झाकली नाही. कार्पेंटरबाईंकडची इंग्रजी पत्रे घेऊन कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्याआधीच, १८८८ मध्ये, बॉस्टनहून इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले होते. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आनंदीबाईंची ओळख काय दिली आहे? पंडिता रमाबाईंची नातलग. दोघींचे नाते दूरचे. पण अमेरिकेत तेव्हा रमाबाईंचे नाव गाजत होते. वंशावळीचा असाही उपयोग असतो.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. पदवीदान समारंभाला गोपाळराव हजर होते आणि खास इंग्लंडहून आलेल्या रमाबाईही होत्या. गोपाळरावांनी अमेरिकेत आल्यावर ठिकठिकाणी व्याख्याने देऊन यजमानांच्याच चालीरीतींवर तोंडसुख घेतले होते, त्याचा संकोच पत्नीला सोसावा लागला तो निराळाच. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रीविभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. नेमणुकीचा हा कागदही आहे. हजेरीपत्रकावर मात्र त्यांचे नाव एक दिवसही लागले नाही.

क्षयाने त्यांना पुरते गाठले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये दोघे अमेरिकेहून निघाले आणि नोव्हेंबरात मुंबईला पोचले. स्वागत झाले, हारतुरे झाले. परदेशगमन केलेल्या बाईला प्रायश्चित्त घ्यावे लागेल की काय, याची चर्चाही झाली. तोवर उभे राहण्याचे त्राण उरले नव्हते. पुण्यात वैद्यांचे उपचार सुरू झाले. अमेरिकेत एम. डी. झालेली बाई शेवटी काढे आणि पथ्यपाण्यावर राहिली, याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. क्षयावर तेव्हा फिलाडेल्फियात तरी कुठे औषध होते? २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांनी डोळे मिटले. आई जवळ होती. अंत्यसंस्काराला कर्मठ मंडळी आडकाठी करतील ही धास्तीही खोटी ठरली; दहन रीतीप्रमाणे झाले.

आपल्या रीतीप्रमाणे इथे कागद संपायला हवा होता. रक्षा नदीत सोडली, तेरावे झाले, पुढे श्राद्ध घालायला मुलगा नाही. पण गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटर मावशीकडे पाठवली. हा माणूस आयुष्यभर तऱ्हेवाईक वागला, आणि ही कृतीही त्यांतलीच एक असे म्हणता येईल. त्यांच्या मनात काय होते ते सांगणे कठीण. पण ज्या घरात आपल्या बायकोला दोन घटका सुख लाभले ते घर कोणते, हे त्यांनी अचूक ओळखले होते, असेच ही कृती सांगते.

मावशीने ती रक्षा आपल्या माहेरच्या, एमी घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी पोकिप्सी नावाचे गाव आहे, तिथल्या रूरल सिमेटरीत ही जागा आहे. तिकडच्या दफनभूमीत घराण्याघराण्याच्या जागा राखून ठेवलेल्या असतात. आजोबा, आजी, काका, न जगलेली बाळे, सगळी आजूबाजूला. आपल्या उपाध्याच्या वहीचेच हे दगडातले रूप म्हणायचे. त्या रांगेत परक्याला जागा देणे ही साधी गोष्ट नाही. मावशीने तीही आपल्या सासरच्या नव्हे, तर माहेरच्या रांगेत दिली.

पुढे आपल्याकडे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्ये आली आणि घरोघर वाचली गेली. तिच्यावरून नाटक झाले. २०१९ मध्ये याच नावाचा चित्रपटही आला. कादंबरीच्या रसाळपणामुळे आनंदीबाईंच्या आयुष्यातले कल्पित किती आणि घडलेले किती हे वेगळे करणे अवघड होऊन बसले होते. ते चिकाटीचे काम अंजली कीर्तने यांनी केले. मूळ कागदांचा माग थेट अमेरिकेपर्यंत काढून त्यांनी १९९७ मध्ये संशोधनपर चरित्र प्रसिद्ध केले. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही आनंदीबाईंचे नाव दिलेले आहे. ज्या मुलीला शाळेच्या रस्त्याने चालणे मुश्कील झाले होते, तिचे नाव कुठवर गेले पाहा.

पोकिप्सीची शिळा मात्र लहानशीच आहे. तीवर जन्माचे आणि मृत्यूचे साल आहे, एम. डी. ही पदवी आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी ओळख आहे. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आपण आज लिहितो तसे नाही. मावशीला लिहिलेल्या पत्रांखाली सही करताना त्या जशा शेवटी दोन ‘ई’ लिहीत, तसेच ते दगडावर कोरलेले आहे.